पातळी

रात्री दोनच्या राउंडला सात नंबर जागाच.
भूपाल मगदूम, वय एकाहत्तर, खुब्याचं हाड,
कमरेत इंजेक्शन देऊन ऑपरेशन, संध्याकाळी.
लघवी झाली का, काका?
"झाली की. मगाशी."
पॉट कोरडा. स्टुलावर उपडा,
धुऊन ठेवलेल्या तांब्यासारखा.

नळीला भितात सगळेच. पुरुष जास्त.
पूर्वी आम्ही बेंबीखाली बोट ठोकून ऐकायचो,
ठस्स वाजलं तर भरलेलं.
अंदाज चुकला की नळी फुकट घातलेली,
आणि दोन दिवस त्या पलंगाची नजर चुकवायची.
आता मिरजेत आमच्याकडं हे यंत्र आलंय.
ट्रॉलीचं एक चाक सारखं डावीकडं ओढतं.

गार लागेल हां.
जेलचा ठिपका. हाडाच्या वर दोन बोटं प्रोब टेकवते,
जरासा खाली कलता.
पडद्यावर करड्या गाळात
एक काळं तळं उघडतं.
काळं म्हणजे पाणी.
आवाज त्यातून सरळ निघून जातो,
परत येऊन काही सांगत नाही.
बोलतात ते काठ.

"कितीला हाय?"
चारशे ऐंशी.
"फूट?"
मिली, काका.
हसतात, आणि खुबा दुखतो म्हणून मध्येच थांबतात.

पाटबंधारे खात्यात होते. सांगलीला, पुलाखाली,
खांबावर रंगवलेले आकडे वाचायचे,
पुराच्या दिवसांत तासातासाला, बॅटरी मारून,
आणि फोनवर सांगायचे. बत्तीस वर्षं एवढंच.
"आकडा कधी गोल केला न्हाई.
एकेचाळीस फूट तीन इंच म्हंजे तीन इंच.
लोक म्हणायचे, उतरतंय म्हणून सांगा की,
बायका रडाय लागल्यात.
म्या म्हणायचो, खांबाला इचारा."

माझ्या छातीवरची पट्टी वाचतात.
"सुवार्ता. म्हंजे चांगली बातमी न्हवं?
आमच्या फोनवर ती कधी नसायची."
मग बराच वेळ छताकडं बघत:
"आणि आज माझं मलाच कळंना बघा.
भरलंय का रिकामं.
दुसऱ्या कुणाचं तरी पोट हितं ठेवल्यागत."

कळेल. भूल उतरायला वेळ लागतो.
अर्ध्या तासानं परत बघू. वाढलं तर नळी.
"पाचशेला इशारा म्हणायचं का?"
म्हणा.
जाताना बेसिनचा नळ थोडा सोडून ठेवते,
हा उपाय यंत्राबरोबर आलेल्या पुस्तकात नाही.

आमचं बाथरूम तळमजल्यावर. लिफ्ट बंद.
तीस पलंगांना आम्ही दोघी,
त्यातली एक ब्लड बँकेत गेलेली.
मी आठपासून तशीच.
चादरींच्या खोलीचं दार लोटलं,
यंत्रावर 'स्त्री' निवडलं,
आणि उभ्याउभ्याच प्रोब स्वतःला लावला.
सहाशे पस्तीस.
मला तर वाटत होतं, अजून चालेल.
बावीस वर्षं ड्यूटी करून हे जमलंय:
न कळणं.
यंत्रानं विचारलं, नोंद ठेवायची?
नाही दाबलं.

"सिस्टर!"
सात नंबर. हाक अशी, की आधी पडले असंच वाटलं.
पॉट दोन्ही हातांनी धरलेला, दिव्याकडं उंच केलेला,
डोळे बारीक करून खुणा वाचताहेत.
"दोनशे चाळीस. जरा कमीच. दोनशे अडतीस लिवा."
परत जेल, परत तळं, आकसलेलं,
काठ जवळ आलेले.
आत राहिलंय दोनशे सत्याण्णव.
"म्हंजे नळी?"
आत्ता नाही. उतरतंय.
हा शब्द त्यांनी दोनदा म्हणून बघितला.
मग म्हणाले, "येळ पण लिवा. दोन सत्तेचाळीस."

बरोबरची पोरगी पिशवी घेऊन आली
तेव्हा तिला म्हटलं, सातकडं लक्ष ठेव,
आणि जिन्यानं निघाले,
कठड्याला धरून, एकेक पायरी, सावकाश,
भरली घागर हिंदकळू नये
म्हणून चालतात तशी.